डबीला आराम

माझा श्वास बरेच महिने आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये होता. वरून दुसऱ्या कप्प्यात. एका बाजूला काचेचा ताजमहाल, दुसऱ्या बाजूला नणंदेने दुबईहून आणलेली उंटांची जोडी, आणि मध्ये रेक्झिनच्या कव्हरात घातलेली एक डबी. शोकेसची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. मी समोरच्या पलंगावर, गळ्याला पाडलेल्या भोकातल्या नळीने व्हेंटिलेटरला जोडलेली, दिवसभर त्या डबीकडे बघत पडलेली असे. पलंग हॉलमध्ये का, तर बेडरूममध्ये टीव्ही नाही, आणि तिथे बसून माझ्यावर लक्ष ठेवायचं तर सिरियल बुडते.

ही डबी काय आहे ते आधी सांगते, कारण आमच्याकडे येऊन चहा पिऊन गेलेल्या निम्म्या लोकांना ते अजून कळलेलं नाही. माझी मान अगदी वर, कवटीजवळ मोडली. मेंदू 'श्वास घे' म्हणतो, पण तो निरोप मानेतच अडतो. खालचं सगळं शाबूत आहे. मानेतून छातीत उतरणारी एक नस छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, हलवते. पडदा खाली ओढला गेला की हवा आत येते. माझी नस जिवंत होती, पडदाही जिवंत होता, फक्त त्यांना हुकूम देणारं कोणी उरलं नव्हतं. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी दुर्बिणीचं ऑपरेशन करून, नस त्या पडद्यात शिरते तिथे बारीक तारा बसवल्या आणि त्यांची टोकं पोटावर कातडीबाहेर काढली. ती टोकं या डबीला जोडायची. डबी ठरावीक वेळाने हलका करंट सोडते, पडदा खाली जातो, आणि मी श्वास घेते.

व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, सायकलच्या ट्यूबमध्ये भरावी तशी. डबीने ती आत ओढली, आणि ओढणारा पडदा माझा होता. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मला शरीर आहे हे आठवलं. त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. डबी चालू असताना गळ्यातल्या नळीला एक छोटी झडप लावता येते, मग आत आलेली हवा बाहेर जाताना घशातून, तोंडातून जाते, आणि आवाज फुटतो. व्हेंटिलेटरवर माझ्या नळीभोवतीचा फुगा फुगवलेला असतो, हवा घशापर्यंत येतच नाही, तेव्हा नुसते ओठ हलतात. इतक्या आठवड्यांनी पहिला शब्द काय बोलावा याचा मी काही विचार केला नव्हता. समोर नवरा उभा होता. मी म्हणाले, "दाढी करा." तो तिथेच खुर्चीत बसून रडला, आणि नर्सला वाटलं काहीतरी बिघडलं.

मी अंबरनाथच्या एका शाळेत गणित शिकवत होते. माझा आवाज वर्गातून निघून थेट ऑफिसात जायचा. मुलं मला मागून काय म्हणायची ते मला माहीत होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. माझं बाकी सगळं गेलं असेल, पण तो आवाज त्या डबीमुळे परत आला होता. म्हणून हॉस्पिटलात जे जे सांगतील ते मी मुकाट्याने केलं. बसून राहिलेला पडदा लुळा पडलेला असतो, त्याला आधी थोडी थोडी मिनिटं राबवावं लागतं, मग हळूहळू वाढवायचं. मी तसं वाढवत नेलं. घरी सोडलं तेव्हा सकाळपासून झोपेपर्यंत डबीवर होते. डॉक्टर म्हणाले होते, "घरी रोज असंच चालू ठेवा. स्नायू आळशी असतो." पण डबीच्या कंपनीचा जो माणूस तारा कशा जोडायच्या ते दाखवायला आला होता, तो निघताना म्हणाला, "नाजूक चीज है, संभालके." डॉक्टरांचं एवढं लांबलचक सांगणं आमच्या घरच्यांनी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्येच सोडलं. 'संभालके' तेवढं बदलापूरला, खरवईतल्या आमच्या घरापर्यंत आलं.

आमच्या घरात वस्तू वापरायला आणत नाहीत, जपायला आणतात. सोफा दुकानातून आला त्या प्लास्टिकसकट अजून आहे, उन्हाळ्यात त्यावर बसलं की मांड्या चिकटतात. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, पिशवीवर रबर. मिक्सरला झबलं. लग्नात माझ्या आईने विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या आपल्या एका खोलीतून, कुठून कुठून काटकसर करून, निळ्या फुलांचा डिनर सेट दिला होता. त्यासाठी खास उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून शोकेस आली. सेट वरच्या कप्प्यात गेला तो गेला. "पाव्हन्यांना हाय तो," सासूबाई म्हणत. पाहुणे आले, गेले, जेवले ते स्टीलच्या ताटांत. निळ्या फुलांच्या लायकीचा पाहुणा अजून जन्माला यायचा होता.

त्या सेटवरची धूळ पुसायला दर दिवाळीत मी स्टुलावर चढायची. अशीच एका दिवाळीत चढले आणि पडले. मान मोडली ती तिथे. सेटला ओरखडासुद्धा गेला नाही, हे मला हॉस्पिटलात भेटायला आलेल्या चुलतसासूने मुद्दाम सांगितलं. दिलासा म्हणून.

घरी आल्यावर डबीचं आधी कव्हर झालं. नवरा ती हातात घेऊन उल्हासनगरला गेला, कारण कशालाही कव्हर शिवून देणारी माणसं तिथे बसतात. तेवढा वेळ मी व्हेंटिलेटरवर. परत आला तो खुशीत. दुकानदाराने विचारलं म्हणे, "साईं, किस चीज का कव्हर है?" आणि हा म्हणाला, "बायको की सांस का है." हा विनोद त्याने नंतर येईल त्याला सांगितला. मला तर तो तोंडपाठ झाला. दुकानदाराने पुढे खिडकी ठेवून, बाजूला चेन लावून, कडेला लाल पायपिंग करून दिलं होतं. कंपनीने माझ्या फुप्फुसांचा विचार केला नसेल एवढा त्या पायपिंगचा विचार झाला होता.

मग डबीचा आराम सुरू झाला. आधी दुपारचा. "अगं, सकाळपासून चालतंय ते, तापत असेल. दुपारी तुला झोपायचंच असतं ना?" मी म्हणाले, मला झोपायचं नसतं. नवरा म्हणाला, "मग पड नुसती." मग सकाळही गेली, कारण सकाळी घाई असते आणि घाईत तार ओढली गेली तर? मग फक्त संध्याकाळ उरली. मग ज्या संध्याकाळी कोणी येणार असेल ती. मी भांडत होते तोवर मला आवाज होता. प्रत्येक वेळी भांडण व्हायचं, आणि भांडण ऐन रंगात आलं की कोणीतरी झडप काढून नळी व्हेंटिलेटरला जोडायचं. "दमलीस तू." मग मी ओठ हलवायची, आणि नवरा ते वाचायचा. माझ्या ओठांवरच्या कुठल्याही वाक्याचा त्याच्या लेखी एकच अर्थ होता, तो म्हणजे पाणी. मी त्याला मूर्ख म्हणायची आणि तो चमचा घेऊन यायचा.

एकदा सलग काही दिवस डबी निघालीच नाही तेव्हा मी तोंडातून टकटक आवाज काढून काढून त्याला जवळ बोलावलं आणि डोळ्यांनी शोकेस दाखवली. तेवढं त्याला कळलं. तो पलंगाच्या कडेला बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "जपून नको का ठेवायला? हिचं सर्व्हिस सेंटर काय बदलापूर स्टेशनबाहेर आहे? बंद पडली तर विठ्ठलवाडीला नेऊन रिपेअर करू का?" मी ओठांनी 'डॉक्टर' म्हणाले. "डॉक्टरला काय जातंय सांगायला," तो म्हणाला. हा शब्द त्याने बरोबर वाचला होता.

माझी तेव्हा खात्री होती की हे सगळं ढोंग आहे. डबी जपायची म्हणजे माझं तोंड बंद ठेवायचं. माझ्या आवाजाला घर कंटाळलेलं होतं, मान मोडण्याच्या कितीतरी आधीपासून, आणि आता देवाने त्यांच्या हातात बटण दिलं होतं. सासूबाई माझं सगळं करायच्या, नळी साफ करायच्या, कुशीवर वळवायच्या, तोंड पुसायच्या, आणि मी त्यांच्या कमरेच्या किल्लीकडे बघत त्यांचा तिरस्कार करायची. तिरस्काराला हवा लागत नाही. व्हेंटिलेटरवर तो उत्तम चालतो.

पाहुणे आले की मात्र प्रयोग व्हायचा. शोकेस उघडायची, कव्हराची चेन सरकायची, सगळे पुढे यायचे. वरच्या मजल्यावरच्या बाई दाराबाहेर चपला न काढता रबरी सपाता घालूनच आत आल्या, घरात करंट आहे म्हणून. एक काका हात मागे बांधून उभे राहिले आणि विचारू लागले, "हिला धरलं तर आपल्याला लागतो का?" एकीला जाणून घ्यायचं होतं की मोबाईल जवळ नेला तर मी थांबते का, आणि तिने मोबाईल जवळ आणलाही. पोट वर आलं की सगळे "आलं, आलं" म्हणायचे. मग माझ्याकडून नमस्कार म्हणवून घ्यायचा आणि चेन बंद. लग्नातल्या व्हिडिओवाल्याला सुद्धा मी याहून जास्त वेळ दिला होता.

आणि मी एक गोष्ट बघत होते जी त्यांच्यापैकी कोणी बघत नव्हतं. प्रत्येक प्रयोगाला पोट आधीपेक्षा कमी वर येत होतं. नमस्कारातला 'र' जाऊ लागला होता. मला ओरडून सांगायचं होतं की हा पडदा मरतोय, आणि ओरडायला जो लागतो तोच तर मरत होता. मला फार भीती वाटायची. एवढी भीती मला स्टुलावरून पडतानाही वाटली नव्हती.

मग भाऊ येणार असं ठरलं. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. ऑपरेशनसाठी मदत मिळवून द्यायला त्यांनी दोन फोन केले होते, आणि त्या दोन फोनांचा फ्लेक्स आमच्या बिल्डिंगच्या गेटवर कित्येक दिवस लागलेला होता. त्यावर हात जोडलेले भाऊ दारापेक्षा मोठे, आणि खाली कोपऱ्यात माझा लग्नातला फोटो, मुंडावळ्यांसकट. आता ते स्वतः यंत्र बघायला येणार होते. घरात दोन दिवस साफसफाई चालली. मला पैठणी पांघरली, नेसवता येत नाही म्हणून. मला वाटलं, आज तरी निळी फुलं खाली उतरतील. उतरली नाहीत. भाऊंनाही चहा कागदी कपातच.

मी मात्र तयारीत होते. कित्येक दुपारी डोक्यात एकच वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं, प्रत्येक श्वासाला किती शब्द द्यायचे ते ठरवून. भाऊ आले, त्यांच्याबरोबर डझनभर पोरं आणि एक फोटोवाला. हॉल भरला. सासूबाईंनी शोकेस उघडली, नवऱ्याने तारा जोडल्या, झडप बसवली. हवा जेमतेम आली. मी तिच्यावर शब्द ठेवले.

"ही डबी..." एक श्वास. "रोज लावत नाहीत." आणखी एक. "शोकेसमध्ये ठेवतात."

नवऱ्याची मान खाली गेली. मला वाटलं, झालं, आता भरसभेत यांची लाज निघाली. भाऊ माझ्यावर वाकले, आणि मला ऐकू येत नाही असं समजून मोठ्याने म्हणाले, "बरोबर आहे ना वहिनी! जपलंच पाहिजे! इतकी महागाची वस्तू!" मग मागे वळून त्यांनी सासूबाईंना हात जोडले. "माऊली, तुम्ही आहात म्हणून हे टिकलंय."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या संबंध आयुष्यात मला कोणाची एवढी किळस आली नव्हती. मला पुढचं वाक्य बोलायचं होतं आणि ते शाळेत शोभणारं नव्हतं. पण डबीने करंट सोडला आणि पोट नुसतं थरथरलं. पुढच्या वेळी तेवढंही नाही. समोर फोटोवाला म्हणत होता, "वहिनी, थोडं स्माईल." माझे ओठ काळेनिळे पडत होते ते त्याला लिपस्टिक वाटली असणार. नवऱ्याने ते पाहिलं. त्याने भाऊंना अक्षरशः बाजूला ढकललं, झडप उपटली आणि नळी व्हेंटिलेटरला लावली. जाताना भाऊ जिन्यात कोणाला तरी सांगत होते की सेल संपला वाटतं.

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स करून मला मुंबईला नेलं. सासूबाई मांडीवर पिशवी आणि पिशवीत डबी घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. डॉक्टरांनी तपासलं, पडदा सोनोग्राफीत बघितला आणि नवऱ्याला विचारलं, "रोज किती वेळ लावता?" नवऱ्याने आईकडे पाहिलं. मी मनात म्हणाले, आता बोला. आता मला ऐकायचंच आहे.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर खाडीकडचं, मिठागरातलं. लहानपणी मिठाने पाय फुटलेले, भांडी फुटलेली, लुगडी कुजलेली त्यांनी बघितलेली. डॉक्टरसमोर त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"डाक्टर, रोज लावला आनि झिजला त?" त्या म्हणाल्या. "वापरला का खराब होतं सगला. दुसरा कुठशी आनू? डबी झिजली त ही मरल. ही मरल म्हनून मी ठेवला."

डॉक्टरांनी सांगितलं की डबी झिजली तर दुसरी येते, पण पडदा बसून राहिला तर झिजतो, आणि तो कुठे मिळत नाही. "किती झिजला?" सासूबाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, बराच. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, पहिल्याइतका परत येईल का ते आज सांगता येणार नाही. सासूबाईंनी पिशवी घट्ट धरली आणि त्या खाली बसल्या.

मी पलंगावर पडून हे ऐकत होते आणि मला संताप आला. एवढे महिने मी ज्या दुष्टपणाशी मनातल्या मनात लढत होते तो तिथे नव्हताच. माझं तोंड बंद करायला कोणी मला कपाटात ठेवलं नव्हतं. या बाईने मला निळ्या फुलांच्या शेजारी ठेवलं होतं, कारण तिच्याकडे त्याहून सुरक्षित जागा नव्हती. प्रेम करायला एवढा मठ्ठपणा लागतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला रडायला आलं, आणि नवरा चमचाभर पाणी घेऊन आला.

घरी आल्यावर सासूबाईंनी शोकेस उघडली ती पुन्हा कुलूप लावलं नाही. कव्हर माझ्या समोर काढलं. फेकलं नाही अर्थात, त्यात आता त्यांचा चष्मा राहतो. डबी माझ्या पलंगाच्या गजाला टांगलेली असते, उघडी, आणि तिच्यावर धूळ बसते. पहिल्या आठवड्यात पोट हलता हलेना. सासूबाई हातातली भाजी टाकून शेजारी बसायच्या, माझ्या पोटावर नजर लावून, आणि ते हललं की त्यांचाच श्वास सुटायचा. हल्ली बरीचशी दुपार निघते. पहिल्याइतका आवाज अजून आलेला नाही, वर्गाच्या दारापर्यंतही पोचणार नाही, पण स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. हे सगळं मी फोनला सांगून लिहिते आहे, चार शब्द, एक श्वास, चार शब्द, आणि फोनही माणसांइतकाच ढ आहे. नवरा पूर्वीसारखाच ऐकून घेतो आणि पूर्वीसारखाच काही करत नाही. घरातली शांतता गेली, असं तो फोनवर बहिणीला सांगत होता. मी ऐकलं, आणि तेही त्याला ओरडून सांगितलं.

डिनर सेट अजून वर आहे. त्याला मी हात लावू देत नाही, धूळ पुसायलासुद्धा नाही.

रोज सकाळी सासूबाई येतात, हात धुतात, तारा जोडतात, झडप बसवतात आणि म्हणतात, "बोल आता, गो बाय." मी मग पोह्यांत मीठ जास्त होतं ते बोलते, टीव्हीचा आवाज बारीक करा ते बोलते, वरच्या बाई पुन्हा सपाता घालून आल्या ते बोलते. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहतात. 'किती झिजला?' विचारलं त्या दिवसापासून त्यांना दुसरं काहीतरी ऐकायचं असतं. काय ते मला पक्कं माहीत आहे. मी म्हणते, आई, श्वास पुरत नाही हो. त्या मान हलवून आत जातात.

पुरतो.